यार्डाच्या व्हॅनची साक्ष

मित्रांनो, तुम्ही रोज संध्याकाळी ज्या गाडीच्या टपावर चढता, जिच्या स्टीअरिंगला लोंबकळता आणि जिच्या मागच्या सीटखाली चॉकलेटचे कागद कोंबता, ती मी एक जुनी व्हॅन आहे. माझ्याजवळ एक पाटी लावली आहे. तिच्यावर लिहिलंय की मी 'दोन कंपन्यांच्या मनोमीलनाचं प्रतीक' आहे. पाटी तुमच्यापैकी कुणी वाचत नाही, हे चांगलं आहे. माझी गोष्ट मात्र ऐका. ती पाटीपेक्षा लांब आहे आणि थोडी वाईट आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. सगळ्या गाड्यांचा जन्म सारखाच होतो. नशीब नंतर फाटे फोडतं. माझ्या बहिणी शाळेत गेल्या, दवाखान्यात गेल्या, एक तर लग्नाच्या वाजंत्र्यांकडे गेली आणि म्हणे फुलांनी सजून हिंडते. मी गेले नव्या गाड्यांच्या यार्डात.

यार्ड म्हणजे काय, ते सांगते. कारखान्यातून निघालेली नवी गाडी थेट दुकानात जात नाही. ती आगगाडीने एका भल्यामोठ्या मैदानात येते, तिथे रांगेत उभी राहते, आणि मग ट्रेलरवर चढून आपापल्या गावी जाते. या गाड्या आगगाडीतून उतरवून रांगेत लावायला ड्रायव्हर असतात. ड्रायव्हर गाडी लावतो, उतरतो, आणि मग मैदानाच्या त्या टोकाला हात हलवत उभा राहतो. त्याला परत आणायचं काम माझं. दिवसभर मी माणसं गोळा करायची आणि पुन्हा गाड्यांपाशी नेऊन सोडायची. माझ्यात बसून कुणी कुठे पोचलं नाही. सगळे फक्त परत आले.

पण तिथे नव्या गाड्यांचे लाड काय वर्णावेत! सीटला प्लास्टिक, स्टीअरिंगला कापड, पायाखाली कागद. ड्रायव्हरने माझ्यात पाय टाकण्याआधी अंगठी काढायची, घड्याळ काढायचं, पट्ट्याच्या बकलावर कापडी टोपी चढवायची. जॅकेटची बटणं आतल्या बाजूला. गाडीच्या अंगावर ओरखडा उठता कामा नये. माणसाच्या अंगावर उठला तर मलमपट्टीची पेटी होती. तिची किल्ली साहेबांकडे असे आणि साहेब बहुधा मीटिंगमध्ये असत.

मी निळ्या कंपनीची. आमच्या मैदानाला लागून तारेची जाळी होती आणि जाळीपलीकडे पिवळ्या कंपनीचं यार्ड. काम तेच, गाड्या तशाच, फक्त जॅकेटं पिवळी. त्यांचीही एक व्हॅन होती. ती माझ्याहून तरुण होती आणि तिला ते माहीत होतं.

आमचा मुकादम अंगाने भरलेला, आवाजाने त्याहून भरलेला. यार्डात तो माझ्यात बसला की माझे स्प्रिंग कण्हायचे. घरी मात्र त्याला 'बाळ' म्हणत, कारण त्याच्या थोरल्या बहिणीने त्याला लहानपणी कडेवर वागवलं होतं आणि तिच्या लेखी तो अजून कडेवरच होता. ही ताई दिली होती पिवळ्यांच्या मुकादमाला. म्हणजे जाळीच्या अलीकडे मेव्हणा मुकादम, पलीकडे दाजी मुकादम. दाजी काडीसारखे सडपातळ, बोलायला कमी. बाळला गाडी चालवायला त्यांनीच शिकवली होती, आणि शिकवताना एकदाही ओरडले नव्हते. हे बाळच माझ्यात बसलेल्या ड्रायव्हरांना सांगायचा. दोन्ही बिऱ्हाडं एकाच घरात, दाजी-ताई वर, बाळ आणि त्याची माणसं खाली. ताई दोघांचा डबा करायची आणि दोन्ही डबे दाजींकडे द्यायची, कारण बाळ सकाळी उठेल की नाही याचा तिला भरवसा नसे. दुपारी जाळीला पडलेल्या भोकातून दाजी डबा अलीकडे सारत.

"आज ताईने काय म्हटलंय?" बाळ विचारायचा.

"म्हणाली, पोटाकडे बघ."

"बघतोय की. समोरच असतं."

मग एके दिवशी दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण झालं.

विलीनीकरण म्हणजे काय, मित्रांनो, हे शाळेत शिकवत नाहीत. दोन घरं एक होतात, पण स्वयंपाकघर एकच ठेवायचं ठरतं, आणि मग दोन बायकांना सांगितलं जातं की तुम्ही दोघीही आम्हाला सारख्याच प्रिय आहात. हे सांगायला आमच्याकडे एक खास साहेब आले. ते सदा हसत असत. ड्रायव्हर त्यांना 'हसरे साहेब' म्हणू लागले. त्यांनी पहिल्याच भाषणात सांगितलं की इथे कुणी जिंकलेलं नाही, कुणी हरलेलं नाही, आपण एक कुटुंब आहोत. ज्यांनी आपापली कुटुंबं पाहिली होती, ते ऐकून जरा गंभीर झाले.

कामाला मात्र झपाट्याने सुरुवात झाली. निळा आणि पिवळा मिळून हिरवा होतो, म्हणून हिरवी जॅकेटं आली. ती एकाच मापाची होती. बाळच्या अंगात ते जॅकेट म्हणजे उशीचा अभ्रा आणि दाजींच्या अंगात खुंटीवरचा कोट. वॉकीटॉकींना नवी, सामाईक वाहिनी मिळाली. जाळी काढणार काढणार म्हणत होते, तिचं टेंडर निघायचं होतं. तोवर सुरक्षेच्या दृष्टीने तिचं भोक तेवढं बुजवलं. डबा आता फाटकावरून फिरून येऊ लागला आणि गार होऊ लागला.

मग व्हॅनची पाळी. यार्ड एक, तर व्हॅन दोन कशाला? पिवळी तरुण होती, मी जुनी. मी देवाचं नाव घेतलं. पण तिच्या इंजिनात काही बारीक दोष निघाला आणि मेकॅनिकने सांगितलं की दोघींची मिळून एक चांगली होईल. तिची बॅटरी मला बसवली. तिची मागची सीट, तिचे टायर, तिचा उजवा आरसा मला आला. उरलेलं तिचं अंग शेडमागे विटांवर ठेवलं, आणि पुढे तेही दिसेनासं झालं. मला सगळे म्हणाले, "वा, नवी दिसतेस!" विलीनीकरणात जिंकणं कसं असतं, ते मला तेव्हा कळलं. दुसरीच्या सीटवर बसलेली माणसं घेऊन फिरायचं आणि आरशात तिच्याच डोळ्याने मागे बघायचं.

आता उरले दोन मुकादम.

हसरे साहेबांनी दोघांना वेगवेगळं बोलावलं. बाळला म्हणाले, दाजी समंजस आहेत, ते बाजूला व्हायला तयार आहेत. दाजींना म्हणाले, मेव्हणा तरुण आहे, त्याला कुठेही काम मिळेल, तो तयार आहे. संध्याकाळी दोघे माझ्यात शेजारी बसले आणि एकमेकांचे आभार मानू लागले. तेव्हा गफलत कळली. दोघे हसले. जोरात हसले. मग एकदम गप्प झाले, कारण दोघांच्याही लक्षात आलं की आपण आभार मानत होतो.

ताईचं म्हणणं सोपं होतं. बाळने ते ड्रायव्हरांना सांगितलं: कुणीही राहा, चूल पेटती राहील, पण माझ्यापुढे एकमेकांची उणीदुणी काढू नका, मला दोन्हीकडून ऐकायचं बळ नाही.

साहेबांना निवड स्वतः करायची नव्हती. हसऱ्या माणसांना ते आवडत नाही. त्यांनी ठरवलं, स्पर्धा. दोन्ही कंपन्यांचे जुने मालक बघायला येणार, वरून ड्रोन चित्र घेणार. एक लांबलचक रांग, तिच्या एका टोकाकडून निळे गाड्या लावत येतील, दुसऱ्या टोकाकडून पिवळे. शेवटची गाडी मुकादमाने स्वतः लावायची, उतरायचं, आणि पळत येऊन व्हॅनमध्ये बसायचं. जो आधी बसेल तो एकत्रित यार्डाचा मुकादम. दुसऱ्याला कंपनी 'मोकळं' करेल. गाडीला ओरखडा पडला तर तो गडी बाद.

इथे एक गोष्ट समजून घ्या. आम्ही निळे गाडी तोंडाने आत घालतो. शेजारच्या गाडीपासून एक मूठ अंतर ठेवतो आणि मोकळ्या बाजूने उतरतो. पिवळे गाडी उलटी, मागे घेत आत घालतात. तेही शेजारी एक मूठ सोडतात, तेही मोकळ्या बाजूने उतरतात. दोन्ही पद्धती उत्तम. जाळीच्या दोन बाजूंना असेपर्यंत त्यांचं एकमेकींशी काही वाकडं नव्हतं. पण एकाच रांगेत दोन टोकांकडून या पद्धती चालवल्या, तर मधल्या शेवटच्या दोन गाड्यांची मोकळी बाजू एकच होते. ड्रायव्हरचं दार ड्रायव्हरच्या दाराला भिडतं. आयुष्य ज्यांचं गाड्या लावण्यात गेलं, त्यांच्यापैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नाही. प्रत्येक जण फक्त समोरची बाजू किती पुढे आली, हे बघत होता.

स्पर्धा सुरू झाली. मालक मंडपात सरबत पीत बसले. मी रांगेच्या टोकाला दारं उघडी टाकून उभी. माझा ड्रायव्हर गंमत बघायला गर्दीत गेला. काय सांगू, सुंदर काम झालं. गाड्या सरसर येत होत्या, थबकत होत्या, मुठीच्या अंतरावर मरून पडल्यासारख्या उभ्या राहत होत्या. शेवटी दोनच जागा उरल्या. बाळ तोंडाने आत शिरला, दाजी उलटे आत शिरले, आणि दोघे एकाच क्षणी थांबले. यार्डाची शिस्त अशी की रांग भरली की तिच्यासमोर दुसरी रांग लावून ती बंद करायची. दोन्ही बाजूंच्या पोरांनी शाबासकीच्या आशेने ती पटापट बंद केली. पुढे गाडी, मागे गाडी, कडेला मूठभर जागा, आणि दोघांच्या दारांमध्ये वीतभर.

बाहेर हशा पिकला. मालकही हसले. साहेब तर हसतच होते.

त्यांनी भोंग्यावरून सांगितलं, "मालकांची निघायची वेळ झाली आहे. ते निघेपर्यंत व्हॅनमध्ये कुणी दिसलं नाही, तर यार्डाला मुकादमाची गरजच नाही, असं आम्ही समजू." आवाजात इतका गोडवा होता की काही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता पुढचं मी कसं ऐकलं ते सांगते. बाळची वॉकीटॉकी जुनीच होती. नवी वाहिनी लावून घ्यायला तो गेलाच नव्हता, आळशी. तसाच माझा संच जुना, मला कोण विचारतो. बाळच्या मांडीखाली वॉकीटॉकीची बोलायची कळ दाबली गेली होती. त्यामुळे सगळ्या यार्डात त्या दोघांचं बोलणं फक्त माझ्या रिकाम्या पोटात वाजत होतं.

"दाजी," बाळ म्हणाला, "काच खाली करा."

"केली."

"मी तर यातून निघत नाही. दार पुरतं उघडलं तरी माझं पोट अडकेल. तुम्ही निघाल."

"दार टेकेल तुझ्या गाडीला. ओरखडा येईल."

"येऊ दे. मी सांगतो ना, दोघांनी मिळून ठरवलं म्हणून. निम्मा ओरखडा तुमचा, निम्मा माझा. निम्म्यासाठी कुणाला काढतात का? आणि नाही उघडलंत तर दोघंही घरी बसू. ताईला काय सांगायचं?"

 

"मी आजपर्यंत एकही गाडी घासली नाही, बाळ."

"मला माहीत नाही का? मला कुणी शिकवलं? माझ्यावर सोडा."

"तुझ्यावर सोडतो," दाजी म्हणाले.

मग एक आवाज आला. पत्र्याला पत्रा लागला की येतो तो. फार मोठा नव्हता. दाजी पोट आत ओढून, खांदा वाकवून त्या वीतभर फटीतून निघाले. त्यांचं जॅकेट फाटलं, कोपर सोलपटलं. गाड्यांच्या मधून अंग चोरत ते माझ्यापाशी आले आणि पुढच्या सीटवर बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा घाम माझ्या सीटवर टिपकत होता. थोडा वेळ ते मुकादम होते. मी पाहिलंय.

समोरची रांग मोकळी करून बाळची गाडी बाहेर काढली. साहेबांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं. त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता.

"कुणाचं दार लागलं?"

बाळने गाडीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"दाजींचं."

यात एक अक्षर खोटं नाही, मित्रांनो. दार दाजींचंच होतं. बाकीचं त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही उगाच कुणाचा वेळ घेतला नाही. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दाजी माझ्यातून उतरले आणि बाळच्या समोर जाऊन उभे राहिले, पुढचं वाक्य ऐकायला. ते वाक्य आलं नाही. आला तो साहेबांचा आवाज, की खिलाडूवृत्तीने घ्या.

दाजींना दुसऱ्या दिवसापासून फाटकाच्या आत सोडलं नाही. पण जॅकेट आणि बूट तर कंपनीचे. ते परत करायला ताई आली. कचेरी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि पाहुण्यांनी यार्डात पायी हिंडायला बंदी. म्हणून तिला माझ्यात बसवलं. ड्रायव्हर हाताशी नव्हता, स्टीअरिंगवर मुकादम स्वतः बसला.

फाटलेलं जॅकेट तिने धुऊन, शिवून, घडी घालून आणलं होतं. परत करायच्या वस्तूला कोण टाके घालतं! दोन्ही बाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाड्या मागे सरकत होत्या.

"बाळ, एक विचारू? खरं सांगशील?"

"तुला कधी खोटं सांगितलंय, ताई?"

"हे म्हणतात, दार उघडा म्हणून तूच सांगितलंस. म्हणाला होतास, निम्मं माझ्यावर घेतो."

बाळने माझा गिअर बदलला. काही गरज नव्हती.

"दाजींच्या जिवाला लागलंय, ताई. माणूस अशा वेळी काहीही बोलतो. बोलू दे त्यांना. मी मनावर घेत नाही."

मी मनातल्या मनात म्हटलं, बाई, याचा कान धर. कडेवर वागवलंयस ना? तर धर. पण तिचा हात उठला तो त्याच्या खांद्यावर गेला.

"मोठ्या मनाचा आहेस," ती म्हणाली. "तू नको मनाला लावून घेऊस. त्यांना मी सांगते, आपली चूक लहान माणसावर ढकलू नये. घरातल्या घरात तरी."

आणि तिने पदराने डोळे पुसले. बाळनेही पुसले. मला वाटतं, त्याचे खरे होते. आपल्या मोठ्या मनाचं त्याला खरंच भरून आलं होतं.

तिने घरी जाऊन तसं सांगितलं असणार. पुढे कळलं की दाजी आता गाडी चालवत नाहीत, कसल्याशा गोदामात पेट्यांना दोऱ्या बांधतात, आणि घरीही काही बोलत नाहीत. वरून खाली डबा येतच राहिला. बाळ तो माझ्यात बसून खायचा, शेवटचा घास टिपून खायचा, आणि ड्रायव्हरांना सांगायचा की नात्यात थोडं सोसावं लागतं.

बाळला शिक्षा झाली, असं तुम्हाला वाटतंय का? गोष्टीत होते. इथे त्याला नवं जॅकेट मिळालं, त्याच्या मापाचं. ड्रोनचं ते चित्र कंपनीने मोठं करून दारात लावलं: दोन गाड्या खांद्याला खांदा लावून, खाली लिहिलंय 'जवळीक'. हसरे साहेब दुसऱ्या दोन कंपन्यांना एक करायला निघून गेले. आणि कंपनीने नवी व्हॅन घेतली. मला धुतलं, रंगवलं, चाकं जमिनीत घट्ट केली आणि या बागेत तुमच्यासाठी आणून ठेवलं. तुम्ही दिवसभर वाजवून शेजाऱ्यांची झोपमोड कराल म्हणून माझ्या हॉर्नची तार कापली. वॉकीटॉकीचा संच काढून घेतला. फीत कापायला मुकादमच आला होता. त्याने माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, हिने खूप काही पाहिलंय. लोक हसले.

माझी काही तक्रार नाही. मला दरवर्षी रंग देतात. माझ्यावर ओरखडा उठला तर माळी ओरडतो.

फक्त परवा एक मुलगी आली. तुमच्यातलीच, दोन वेण्यांची, ती कधी टपावर चढत नाही. बाकीची पोरं झोक्याकडे गेली तेव्हा ती पुढच्या सीटवर, बरोबर दाजी बसले होते तिथे, येऊन बसली. तिने दार आतून लावलं, इतकं हळू की खट्ट झालं नाही. असं दार लावायला एकच माणूस शिकवतो. मग ती माझ्या स्टीअरिंगजवळ वाकून म्हणाली, "बाबा म्हणतात, मामाने सांगितलं म्हणून दार उघडलं. आई म्हणते, बाबा खोटं बोलतात. तू तिथे होतीस ना?"

सगळ्या जगात मला प्रश्न विचारणारी ती पहिली. माझ्याकडे उत्तर शब्दन्‌शब्द आहे, आणि वाजवायला काहीच नाही.

ती थांबली. खूप वेळ थांबली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "ए, उतर ना, आमची पाळी!" आणि ती उतरली.

मित्रांनो, माझ्या सीटा फाडल्यात तरी चालेल. आरसा तुटला तर तुटू दे, तो तसाही माझा नाही. एवढीच विनंती आहे. ती पुन्हा येईल आणि पुन्हा विचारेल. तेव्हा तिला घाई करू नका.